आप्पासाहेबांची उशी

मे महिन्यातला रविवार. बाहेर नागपूरचं ऊन, आत कूलरची घरघर. टेबलाभोवती आम्ही पाच जण आणि खेळात समोर एका सावकाराची तिजोरी. ती कशी फोडायची यावर आम्ही अडीच तास बोललो. छपरावरून की नाल्यातून, दोर किती फूट, कुत्र्याला गुंगीचं औषध कोण देणार. शेवटी एकदाचे निघालो. लपून जाण्याच्या पहिल्याच फाशावर ३ पडला, पहारेकरी जागे झाले, तलवारी निघाल्या आणि पुढे रात्रभर नुसती मारामारी. पंधरवड्यात आमच्यातला एक जण नोकरीसाठी बंगळुरूला गेला. एका खोलीत बसून आम्ही सगळे खेळलो तो शेवटचा खेळ.

दोष आमचा नव्हता, सिस्टमचा होता. हाइस्टसाठी डंजन्स अँड ड्रॅगन्स काढूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तरी लोक तेच काढतात, कारण तेच येतं. एक्सेल येतं म्हणून अख्ख्या कंपनीचा डेटाबेस एक्सेलमध्ये ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, त्यातलाच हा प्रकार.

हा खेळ मुळात लढाईचा. लढाईत वार चुकला तर पुढच्या फेरीत परत मारता येतो. चोरपावलांनी जाताना मात्र एकदा चुकलं की संपलं. प्रत्येकाची लपण्याची शक्यता ७० टक्के धरा. पाचही जण न दिसता जाण्याची शक्यता उरते जेमतेम १७ टक्के. (अर्धे पास तर सगळे पास, असा ग्रुप चेकचा नियम आहे, मान्य. पण तो हरला की पुन्हा तलवारीच.) मग खेळाडू घाबरून प्लॅनिंग करत बसतात. त्यांना भित्रं करतात ते नियम.

आता आपल्या नागपूरचंच एक हाइस्ट बघा. सीताबर्डीची लढाई झाली नोव्हेंबर १८१७ मध्ये. पुढच्या वर्षी इंग्रजांनी आप्पासाहेब भोसल्यांना कैद केलं आणि पहाऱ्यात अलाहाबादकडे रवाना केलं. मे १८१८, जबलपूरच्या बाजूला मुक्काम. पहारा बदलताना अंमलदाराने नेहमीप्रमाणे तंबूत डोकावून पाहिलं. राजे बिछान्यात, दोन नोकर अंग चेपताहेत. सगळं ठीक. फक्त बिछान्यात उशी होती. आप्पासाहेब शिपायाच्या वेषात केव्हाच बाहेर पडले होते, आणि पहाऱ्यातले काही शिपाई आधीच फोडलेले होते. इंग्रजांच्या हाती ते परत लागले नाहीत. १८४० मध्ये जोधपूरला वारले.

मी कुठल्या क्रमाने सांगितलं बघा. आधी तंबू, मग उशी, सगळ्यात शेवटी फितूर शिपाई. तयारी आधीची, पण ऐकणाऱ्याला कळते ती नंतर. मजा तिथेच आहे.

जॉन हार्परचा 'ब्लेड्स इन द डार्क' (२०१७) नेमका याच क्रमाने चालतो. डाव कसला ते ठरवा, त्यातला एक तपशील सांगा, फासे टाका, की तुम्ही थेट मोहिमेच्या मध्यात. सोबत काय घेतलंय तेसुद्धा आधी लिहायचं नाही, ओझं हलकं की जड एवढंच सांगायचं. अंमलदार डोकावला की कुणीतरी म्हणतो, "फ्लॅशबॅक! संध्याकाळीच उशी ठेवली होती." त्याची किंमत 'स्ट्रेस'मध्ये मोजायची. स्ट्रेसची घरं ९, ती भरली की तुम्ही त्या मोहिमेतून बाद. सहा फाशांपैकी नाही, तर टाकलेल्यांतला सर्वांत मोठा आकडा धरायचा: ६ आला तर काम फत्ते, ४-५ आला तर काम होतं पण काहीतरी अंगावर येतं. म्हणजे एका फाशात सगळं कोसळत नाही, संशय हळूहळू वाढत जातो.

"अबे, हे तं चीटिंग आहे," हा आक्षेप आमच्याच टेबलावर आला. नाही. जे घडून गेलं ते फ्लॅशबॅकने पुसता येत नाही. अंमलदाराने पांघरूण ओढलं आणि खाली कुणीच नाही हे दिसलं, की उशी सुचून उपयोग नाही. शिपाई फोडायला गेलात तर तिथेही फासे पडतात, आणि एखादा ऐनवेळी जास्त पैसे मागतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. नकाशा पसरून, पेन्सिल घेऊन डोकं खाजवण्यात आनंद असतो. असतोच. तो हवा असेल तर डी अँड डीचं 'कीज फ्रॉम द गोल्डन व्हॉल्ट' (२०२३) घ्या, त्यात १३ हाइस्ट आहेत. पण त्या अडीच तासांत कोण बोलत होतं ते प्रामाणिकपणे आठवा. आमच्याकडे मी बोलत होतो. ऑफिसातल्या मीटिंगसारखंच, ज्याचा आवाज मोठा त्याचा प्लॅन. बंगळुरूला गेलेला मित्र त्या संध्याकाळी जेमतेम चार वाक्यं बोलला असेल. फ्लॅशबॅक प्रत्येकाच्या हातात असतो, आणि गप्प माणसाला अचानक उशी सुचू शकते.

ब्लेड्सचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतात. त्यातलं भुताखेतांचं अंधारं शहर मी काढून टाकलंय आणि जबलपूरकडची छावणी घातलीय. येत्या रविवारी व्हिडिओ कॉलवर खेळतोय. बंगळुरूवाल्याने भूमिका आधीच मागून घेतली आहे: उशीचे पाय चेपणारा नोकर.