दुसऱ्या देशातल्या बातमीसाठी पैसे कोणी द्यायचे? दिलीप पाडगावकरांच्या काळातला वाद पुन्हा का आला?

अमेरिकेने १ जुलै २०२५पासून ‘यूएसएड’मार्फत परदेशी मदत देणे थांबवले. त्याचा फटका माध्यमांनाही बसला. ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या माहितीनुसार, २०२३मध्ये या पैशातून ६,२०० पत्रकार आणि ७०७ बिगरसरकारी वृत्तमाध्यमांना आधार मिळत होता.

नाशिकला याच्याशी काय देणेघेणे?

लासलगावचा कांद्याचा भाव ढाक्यातल्या आयातनिर्णयानेही हलतो. तिथली खरी परिस्थिती आपल्याला कळणार ती तिथल्या पत्रकारांमुळे. ते टिकणे ही आपलीही गरज आहे.

वाद जुनाच आहे

शेजारच्या देशाची बातमीही आपल्याला लंडन, पॅरिस किंवा न्यूयॉर्कच्या वृत्तसंस्थांकडून घ्यावी लागते, अशी नवस्वतंत्र देशांची १९७०च्या दशकात तक्रार होती. युनेस्कोने नेमलेल्या मॅकब्राइड आयोगाने १९८०मध्ये यावर अहवाल दिला. संपादक बी. जी. वर्गीस त्याचे सदस्य होते. त्याच वर्षी गरीब देशांतल्या माध्यमांना मदत करणारा युनेस्कोचा कार्यक्रमही ठरला.

हा वाद तापला तेव्हा एक मराठी पत्रकार युनेस्कोतच होता. पुण्यात जन्मलेले, सॉर्बोनमधून डॉक्टरेट घेतलेले दिलीप पाडगावकर ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे पॅरिस प्रतिनिधी होते. १९७८ ते १९८६ या काळात त्यांनी बँकॉक आणि पॅरिसमध्ये युनेस्कोचे काम केले. परतल्यावर १९८८ ते १९९४ ते ‘टाइम्स’चे संपादक होते. २०१६मध्ये त्यांचे निधन झाले.

विरोध कशाला होता?

‘समतोल’ बातम्यांच्या नावाखाली सरकारे पत्रकारांवर लगाम घालतील, असा पाश्चात्त्य देशांचा आक्षेप होता. तो अगदीच पोकळ नव्हता. अलिप्त राष्ट्रांच्या वृत्तसंस्थांची परिषद जुलै १९७६मध्ये दिल्लीत भरली, तेव्हा भारतात आणीबाणी होती आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप होती. पुढे १९८४च्या अखेरीस अमेरिका आणि १९८५च्या अखेरीस ब्रिटन युनेस्कोतून बाहेर पडले. युनेस्कोच्या कारभारावरही त्यांचा राग होता. दोघेही नंतर परतले, पण अमेरिकेने जुलै २०२५मध्ये पुन्हा बाहेर पडण्याची घोषणा केली.

भारतात असा पैसा येऊ शकतो का?

नोंदणीकृत वृत्तपत्राचे मालक, संपादक, बातमीदार, स्तंभलेखक यांना परदेशी देणगी घेण्यास परकीय योगदान (विनियमन) कायदा, २०१०ने मनाई आहे. व्यवसायातले नेहमीचे व्यवहार त्याला अपवाद आहेत. म्हणजे नाशिकच्या दैनिकापुढे खप, खासगी जाहिरात आणि सरकारी जाहिरात हेच मुख्य मार्ग उरतात.

मग निष्कर्ष काय?

परदेशी मदत देणाऱ्याच्या मर्जीवर चालते आणि एका निर्णयाने आटते, हे २०२५मध्ये दिसले. सरकारी पैशाचा धोका १९७६मध्ये दिसला होता. वाचकाच्या वर्गणीवर यापैकी कोणाचाच हात नसतो. मात्र छोट्या शहरातला अंक त्या वर्गणीवर किती काळ निघेल, हा प्रश्न नाशिकलाही सुटलेला नाही.