जुनी गाडी आणि डिझेलचा मोह

रावेर-यावलची केळी असोत वा धुळ्याच्या बाजारात येणारा भाजीपाला, खानदेशातील बराच माल छोट्या मालमोटारींतूनच हलतो. अशी जुनी गाडी घेताना 'डिझेलच परवडते' असे आजही गृहीत धरले जाते. ही समजूत सरकारी दरनियंत्रणाच्या काळात रुजली. ऑक्टोबर 2014 मध्ये ते नियंत्रण उठले आणि समजुतीचा मुख्य आधारच गेला.

डिझेल इंजिन कमी इंधनात अधिक ओझे ओढते, हे निर्विवाद. जळगाव-धुळे महामार्गावर भरल्या गाडीने रोज ये-जा करणाऱ्यास तेच योग्य. परंतु जो शहरातच दहा-वीस किलोमीटर फिरतो, त्याची वर्षभराची बचत इंजेक्टर-पंपाच्या एका दुरुस्तीत संपू शकते. एप्रिल 2020 नंतरच्या अनेक बीएस-6 डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. थांबत-थांबत चालण्याने ती लवकर तुंबते.

तेव्हा कर्ज काढून व्यवसाय मांडणाऱ्या तरुणाने आधी रोजचे अंतर व ओझे मोजावे, थंड इंजिन सुरू करवून धूर पाहावा आणि मगच इंधन ठरवावे. ऐकीव समजुतीवर केलेल्या सौद्याचे हप्ते अखेर ज्याचे त्यालाच फेडावे लागतात.