आयकार्डाची दोरी शेवटची कधी धुतली?

आयटीतल्या माणसाच्या अंगावर रोज न चुकता असणारं कापड कुठलं? जीन्स नाही, ती आठवड्यातून तीन-चार दिवस. कंपनीचा टी-शर्ट शुक्रवारी. रोज, अगदी रोज गळ्यात असते ती आयकार्डाची दोरी. निळी, नारिंगी, हिरवी, जशी कंपनी तशी. बसमध्ये चढताना ती गळ्यात असते, कँटीनमध्ये सांबारात बुडते, मीटिंग लांबली की तिचं टोक हळूच तोंडात जातं (सोमवारी आजूबाजूला बघा, निदान दोन जण चघळताना सापडतील), हात धुताना बेसिनला लागते आणि रात्री खुंटीवर, नाहीतर थेट उशीशेजारी पडते. तिला पाणी लागतं ते हिंजवडीच्या पावसात. नोकरी सोडली की ती एचआरकडे जमा, विषय संपला.

गंमत म्हणजे या दोरीवर चक्क संशोधन झालंय. २००८ साली ऑस्ट्रेलियात हॉस्पिटलमधल्या कर्मचाऱ्यांची आयकार्डं आणि त्यांच्या दोऱ्या तपासल्या. तेवढ्याच क्षेत्रफळावर कार्डापेक्षा दोरीवर सुमारे दहापट जंतू निघाले. कार्ड प्लास्टिकचं, सहज पुसलं जातं. दोरी विणलेली, घाम आणि हाताचं तेल धरून ठेवणारी. त्याआधी २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांचे टाय तपासले, तर जवळपास निम्म्या टायांवर रोगजंतू सापडले. तिथल्याच सुरक्षारक्षकांच्या दहा टायांपैकी फक्त एकावर. २००७ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्याने रुग्ण तपासताना टाय नकोच असं सांगून टाकलं.

आता आपलं ऑफिस म्हणजे काही हॉस्पिटल नव्हे. दोरीमुळे कुणी आजारी पडेल असं मला म्हणायचं नाही, घाबरवून फिनेल विकायचा माझा धंदा नाही :) मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. दोन तास एसीत घातलेला शर्ट आपण इमानेइतबारे धुवायला टाकतो. आणि हीच माणसं, म्हणजे रोज दोनदा आंघोळ करणारी, गाडी दर रविवारी फडक्याने चकचकीत करणारी माणसं, काही कापडं वर्षानुवर्षं धुत नाहीत. हे होतं कसं?

आळस हे उत्तर मला पटत नाही. आळशी माणूस शर्टही धुणार नाही. माझ्या मते गोम धुण्याच्या टोपलीत आहे. टोपलीत जातं ते अंगावरून उतरवलेलं. उतरवलं, टोपलीत टाकलं, टोपली भरली, मशीन लावलं, अशी ती साखळी आहे. जे कापड रोज उतरवून टाकलं जात नाही ते या साखळीत येतच नाही. पडदे, सोफ्याची कव्हरं, पायपुसणं, लॅपटॉपची बॅग, हेल्मेटचं अस्तर, भाजीची पिशवी, उशी (अभ्रा नव्हे, आतली उशी). यांची टोपली कधी भरतच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर यांना ट्रिगर नाही, आणि तिकीट उघडलंच कुणी तर ते कुणाच्या नावावर टाकायचं हेही ठरलेलं नाही.

पूर्वी हा ट्रिगर होता बरं का, आणि तो कॅलेंडरवर होता. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे घट बसायच्या आधीच्या आठवड्यात घरातलं झाडून सगळं धुणं निघतं. वाकळा, चादरी, सतरंज्या, पडदे, ब्लँकेटं, कपाटात वर्षभर घडीसुद्धा न मोडलेली अंथरुणंदेखील. पंचगंगेच्या घाटावर या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. लोक टेम्पो करून धुणं घेऊन येतात, बायका दगडावर वाकळा आपटतात, पोरं त्या पायांनी तुडवतात, आणि घाटाच्या पायऱ्यांवर, कठड्यांवर, गाड्यांच्या टपांवर जिथे ऊन दिसेल तिथे कापड पसरलेलं असतं. पावसाळा संपत आलेला, चार महिन्यांची दमट अंथरुणं आणि नुकतंच पडायला लागलेलं कडक ऊन. पुढे थंडी, म्हणजे याच वाकळा अंगावर घ्यायच्या. कारण धार्मिक सांगत असले तरी ही तारीख ज्याने कुणी ठरवली त्याला हवामान कळत होतं. दिवाळीच्या साफसफाईत जे राहिलं ते. शिवाय उन्हाळ्यात गल्लीतून पिंजारी जायचा, गाद्या-उशांचा कापूस काढून, पिंजून परत भरून द्यायचा. कापसाची गादी धुता येत नाही, पण तिची सर्व्हिसिंग व्हायची.

(सोवळ्याचा इथे संबंध जोडू नका. सोवळं म्हणजे स्वच्छता नव्हे. सुती कापड रोज धुवायचं, पण रेशमी कद आणि लोकरीची धाबळी न धुताही सोवळ्यातच. म्हणजे 'जीन्स धुवायची नसते रे' म्हणणारे आपल्याकडेही होतेच, फक्त पाटावर बसलेले!)

पंचगंगेच्या पाण्याचं आज जे झालंय ते पाहता नदीत सोडा आणि साबण ओतायला परत जा असं मी म्हणणार नाही. पण फ्लॅटमध्ये आल्यावर आपण काय गमावलं ते तरी बघा. तारीख गेली, कारण घट बसतात त्या आठवड्यात आपल्या डोक्यात रिलीज असते. आणि जागा गेली. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये 'ड्राय बाल्कनी' नावाचा एक प्रकार असतो. तिच्यात वॉशिंग मशीन मावतं, एक माणूस आडवा होऊन मावतो, आणि ऊन सोडून सगळं येतं. तिथे मोजे तीन दिवसांनी वाळतात. पुढच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला बहुतेक सोसायट्यांची बंदी, बिल्डिंगचं रूप बिघडतं म्हणे. गच्चीला कुलूप. मग डबलबेडचं दुलईचं कव्हर किंवा हॉलचे चार पडदे धुवून माणसाने टाकायचे कुठे? साडेसहा किलोच्या मशीनमध्ये ओलं ब्लँकेट फिरत नाही ते वेगळंच. पडदे विसरले जात नाहीत हो, ते टाळले जातात. नंतर नजरेला सवय होते आणि मग खरंच विसरले जातात.

तिसरी गोष्ट गेली ती लक्षात ठेवणारं माणूस. हे जरा बोचणारं आहे, पण लिहितोच. ती तारीख कॅलेंडरवर असली तरी ती पाळायची कोण? आई, आजी, काकू. घरातल्या पुरुषांचा सहभाग टेम्पो ठरवण्यापुरता. आता चार मुलं मिळून टू-बीएचके घेतात तेव्हा त्या घरात आई नसते, आणि सहा महिन्यांनी पायपुसण्याचा मूळ रंग कोणता यावर वाद होतात. लग्न झालेले सहकारी हसून म्हणतात, "आमच्याकडे ते सगळं हीच बघते." अरे, ही पण तुझ्याचसारखी नऊ तास लॉगिन असते ना? धुणं मशीन करतं, वाळत बाई घालते, हे सगळं मान्य. पण पडदे काढायला झालेत, उशा उन्हात टाकायला झाल्यात हे लक्षात ठेवणं हेही काम आहे आणि ते अजूनही एकाच माणसाच्या डोक्यात आहे. ज्या दिवशी ते डोकं थकतं त्या दिवसापासून घरातले पडदे धुतले जात नाहीत, इतकं साधं आहे.

आणि बाईंवर ढकलणाऱ्यांनीही एक लक्षात घ्या. बहुतेक घरांत चादरी-पडद्यांचे पैसे वेगळे ठरतात, आणि ते योग्यच आहे. ओली चादर पिळून बघा एकदा. 'महिन्याच्या पैशात एवढं करा ना मावशी' हे घासाघीस करून मिळवण्यापेक्षा वर्षातले चार दिवस ठरवा आणि त्याचे वेगळे पैसे द्या.

तारीख ठरली, आणि ती विचारणारं कुणी असलं की काय होतं याचं एक सार्वजनिक उदाहरण रेल्वेचं आहे. एसी डब्यातल्या चादरी आणि अभ्रे प्रत्येक फेरीनंतर धुवायचे असतात. ब्लँकेटांचं काय? २०१६ मध्ये तेव्हाच्या रेल्वे राज्यमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं की ती दोन महिन्यांतून एकदा धुतली जातात. सभागृहात आणि बाहेर भरपूर चर्चा झाली, विनोद झाले. २०२४ मध्ये हाच प्रश्न लोकसभेत आला तेव्हा रेल्वेमंत्र्यांचं उत्तर होतं, महिन्यातून किमान एकदा. दोन चादरी देतात त्यातली एक ब्लँकेटला आतून लावायला असते, हे मात्र अजून अर्ध्या डब्याला माहीत नसतं. आपण त्या ब्लँकेटाला नाकं मुरडतो. पण घरच्या दुलईबद्दल हाच प्रश्न कुणी सभागृहात विचारला तर किती जणांना 'महिन्यातून किमान एकदा' असं उत्तर देता येईल?

आता भाजीची पिशवी. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि आपण कापडी पिशव्या बाळगायला लागलो. चांगलंच झालं. पण तीच पिशवी मातीच्या बटाट्यांना, तीच ओल्या कोथिंबिरीला, तीच रविवारी चिकनला, आणि मग ती घडी होऊन गाडीच्या डिकीत, जिथे दुपारी भट्टी असते. अमेरिकेत २०११ साली छापून आलेल्या एका पाहणीत ८४ पिशव्या तपासल्या होत्या. निम्म्यांत कोलिफॉर्म जंतू निघाले, आणि ९७ टक्के लोक पिशवी कधीच धुत नव्हते. ही पाहणी तिकडच्या रसायन उद्योगाच्या, म्हणजे प्लास्टिकवाल्यांच्याच पैशांवर झाली होती, तेव्हा ती जरा चिमटीत धरूनच वाचावी. पण त्यातच हेही आहे की साध्या धुण्याने ९९.९ टक्क्यांहून जास्त जंतू गेले. म्हणजे प्लास्टिकवाल्यांच्या पैशांनीच सिद्ध केलं की पिशवी कापडी ठेवा आणि धुवा. ओट्यावरच्या फडक्याचंही तेच. २०१८ मध्ये मॉरिशसच्या विद्यापीठात महिनाभर वापरलेले १०० किचन टॉवेल तपासले, ४९ मध्ये जंतूंची वाढ होती. ओलसर राहणाऱ्या आणि सगळ्या कामांना एकच वापरल्या जाणाऱ्या टॉवेलांत जास्त. तेव्हा हात पुसायला एक, ओट्याला एक, आणि दोन्ही रात्री वाळत टाकायची. इतकंच.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे पाणी. एप्रिलमध्ये टँकर मोजणाऱ्या सोसायटीत मी अजून धुवा म्हणतोय! नाही, मी अदलाबदल करा म्हणतोय. जीन्स दर वापरानंतर धुवू नका, दोन तासांचा शर्ट वाऱ्यावर टाका. त्या वाचलेल्या एका मशीनमध्ये महिन्याला ही मंडळी बसतात. २०२० मध्ये आपण सगळे कापडी मास्क रोज रात्री न विसरता धुत होतोच की. तेव्हा कुणाला पाणी आडवं आलं नव्हतं.

कसं धुवायचं तेही सांगतो, नाहीतर म्हणाल नुसतं ज्ञान दिलं. दोरी: कार्ड काढा, कोमट पाण्यात साबण घालून अर्धा तास भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा, शुक्रवारी रात्री धुतली की सोमवारपर्यंत वाळते. शर्टांबरोबर टाकू नका, कंपनीचा रंग सगळ्यांना लागेल. हेल्मेटचं अस्तर निघत असेल तर काढून शाम्पूने धुवा, पूर्ण वाळवून मगच बसवा. निघत नसेल तर पुढच्या वेळी निघणारं घ्या. आतल्या थर्माकोलला गरम पाणी किंवा पेट्रोल दाखवू नका, धक्का झेलायचं काम तेच करतं. लॅपटॉपची बॅग मशीनमध्ये नको. रिकामी करा, झटका, साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पट्टे आणि विशेषतः तळ पुसा, कारण हाच तळ बसच्या फरशीवरून थेट आपल्या बेडवर येतो. टॉवेलला फॅब्रिक सॉफ्टनर लावू नका, धाग्यावर थर बसतो आणि तो पाणी टिपायचं सोडून देतो. पडद्यांच्या कड्या काढा आणि ते ओलसर असतानाच परत रॉडवर लावा. स्वतःच्या वजनाने सरळ होतात आणि वाळायची जागा शोधावी लागत नाही.

उशीचं जरा निराळं. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' म्हणतात, पण अंथरुणात बघण्यासारखं जे आहे ते डोळ्यांना दिसतच नाही. आपल्या कातडीचे गळालेले कण खाऊन माइट्स जगतात, त्यांना दमट हवा मानवते, आणि त्यांच्या विष्ठेने अनेकांना सकाळी शिंका येतात. गार पाण्याने ते मरत नाहीत, त्यासाठी ५५-६० अंशांचं पाणी लागतं. पण गार धुण्यानेही ॲलर्जी करणारा ऐवज बराचसा वाहून जातो. फायबरची उशी धुता येते, कापसाची नाही. तिला ऊनच पाहिजे.

म्हणजे परत गच्ची आलीच. पुढच्या महिन्यात आमच्या सोसायटीची वार्षिक सभा आहे. रविवारी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच गच्ची उघडी ठेवावी आणि तिथे सहा पक्क्या दोऱ्या बांधाव्यात असा ठराव दिलाय. सेक्रेटरी काकांचं म्हणणं, एकदा दोऱ्या बांधल्या की लोक कपडे वाळत घालतील. हो काका, त्यासाठीच तर. आतापर्यंत अकरा सह्या झाल्यात, त्यातल्या नऊ बायकांच्या आहेत.