यंत्र शिकतें, पण त्यास कळतें काय?

गेल्या सहामाही परीक्षेनंतर दहावीच्या वर्गांत एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, “सर, निबंध लिहिणाऱ्या संगणकास मन असतें काय? आणि नसेल, तर आमच्या डोक्यांत त्याहून निराळें काय आहे?” वर्गांत हशा पिकला. आम्हींहि तो प्रश्न हसण्यावारी नेला, हें येथें कबूल केलें पाहिजे. परंतु घंटा झाल्यावर तो आमच्या मागोमाग शिक्षकांच्या खोलींत आला व तेथून घरींहि आला.

अशा संगणकामागची कल्पना तशी नवी नव्हे. सन १९४३ त अमेरिकेंत वॉरन मॅक्युलक हे मज्जाशास्त्रज्ञ व वॉल्टर पिट्स नांवाचा अवघ्या विशींतला, बहुतांशीं स्वतःच्याच बळावर शिकलेला तरुण यांनीं मिळून एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा आशय आम्ही आमच्या उपमेनें सांगतों. मेंदूंतील प्रत्येक मज्जापेशी ही जणूं गांवचा एक पंच होय. शेजारच्या पेशींचीं मतें तिच्याकडे येतात, आणि त्यांची बेरीज एका मर्यादेस पोंचली कीं ती आपलें मत पुढें कळविते. अशा पंचांचें जाळें तर्कशास्त्राचे निर्णय करूं शकतें, हें त्या दोघांनीं दाखविलें. पुढें कोणाच्या मतास किती वजन द्यावें हें अनुभवानें बदलण्याची युक्ति निघाली, आणि जाळें शिकूं लागलें. सन १९५८ त फ्रँक रोझेनब्लाट यांच्या अशा जाळ्याचें प्रात्यक्षिक झालें, तेव्हां अमेरिकेंतील एका मोठ्या दैनिकानें लिहिलें कीं, हें यंत्र पुढें चालेल, बोलेल, लिहील व आपल्या अस्तित्वाची जाणीवहि बाळगील अशी अपेक्षा आहे. त्या दिवशीं यंत्रानें केलें काय? कार्डावरील खूण डाव्या बाजूस आहे कीं उजव्या, एवढें तें सुमारें पन्नास प्रयत्नांनंतर ओळखूं लागलें!

तथापि या विद्येची थट्टा करून भागणार नाहीं. सन १९८६ त रुमेलहार्ट व मॅक्लेलंड यांनीं एका साध्या जाळ्यास इंग्रजी क्रियापदांचीं भूतकाळीं रूपें शिकविलीं. व्याकरणाचा एकहि नियम त्यांत घातलेला नव्हता; उदाहरणें तेवढीं दिलीं, आणि चुकेल तेथें वजनें थोडथोडीं दुरुस्त केलीं. तरी तें नियम ठाऊक असल्यासारखें वागूं लागलें. मौज ही कीं, तें मुलांसारखें चुकूंहि लागलें: अनियमित क्रियापदें आधीं बरोबर सांगून मग त्यांसहि सरसकट नियमाचा प्रत्यय लावूं लागलें. आमच्या घरची लहानगीहि ‘केलें’ म्हणतां म्हणतां एके दिवशीं ‘करलें’ म्हणूं लागली होती. तिला तो नियम कोणीं शिकविला? नियम आधीं व उदाहरणें मागाहून, अशी ज्यांची वीस वर्षांची संवय, त्या आमच्यासारख्यांस हा प्रयोग विचार करावयास लावतो. त्यांत उणिवा होत्या. पिंकर व प्रिन्स यांनीं १९८८ त त्या परखडपणें दाखविल्या. परंतु नियम पाठ नसतांहि नियमशीर वागणें कसें साधतें, याचा एक नमुना हातीं लागला हें खरें.

हा खुलासा शिकण्याचा झाला, जाणिवेचा नव्हे. मनुष्याच्या मेंदूंत सुमारें ८,६०० कोटि मज्जापेशी आहेत. त्यांचा सर्व व्यवहार उद्यां उलगडला असें समजा. बोटास टांचणी टोंचतांच हात मागें घेणारी पेशींची साखळी कळेल. पण ती टांचणी दुखते कां, हें उरेलच. क्रिस्टोफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञांनीं सन १९९८ त तत्त्ववेत्ते डेव्हिड चाल्मर्स यांच्याशीं पैज मारली होती कीं, जाणिवेची मेंदूंतील स्पष्ट खूण पंचवीस वर्षांत सांपडेल. सन २०२३ त न्यूयॉर्क येथें कॉख यांनीं हार कबूल करून द्राक्षारसाच्या बाटल्या दिल्या. (पैजेचा जिन्नस आम्हांस पसंत नाहीं, कबुलीचा मोकळेपणा आहे.)

यावर आमच्यापैकीं कित्येक म्हणतील, “झालें तर! शास्त्रास जें सांपडत नाहीं, तोच आत्मा.” हें आम्हांस मान्य नाहीं. शास्त्राच्या अज्ञानांत आत्म्याचें बिऱ्हाड थाटलें, तर दर नव्या शोधासरशीं त्यास घर बदलावें लागेल. आम्हीं स्वतः ही चूक केली आहे. यंत्र गणित करील, पण निबंध कधींहि लिहिणार नाहीं, असें आम्ही वर्गांत छातीठोकपणें सांगत असूं. नोव्हेंबर २०२२ पासून तो कोणासहि लिहून मिळूं लागला. मनुष्याचें मनुष्यपण आम्हीं त्याच्या करामतींत शोधलें, आणि नेमकें तेथेंच यंत्रानें आम्हांस गांठलें.

त्या सहामाहींत ‘माझी आजी’ हा निबंध होता. अडखळत बोलणाऱ्या एका मुलानें चारच ओळी लिहिल्या. आजी जूनमध्यें वारली, आणि आतां पहाटे घरांत कोणी खोकत नाहीं, अशी त्यांतील शेवटची ओळ होती. शुद्धलेखनाच्या पांच चुका. आम्हीं दहांपैकीं तीन गुण दिले. यंत्र चाळीस निर्दोष ओळी लिहील, आणि त्याच मापानें आम्ही त्यास नऊ देऊं. यंत्रास कांहींच जाणवत नाहीं, हें आम्हांस सिद्ध करतां येणार नाहीं. परंतु त्याचे शब्द हा जाणिवेचा पुरावा नव्हे, कारण ते माणसांनींच लिहून ठेवलेल्या मजकुरांतून शिकलेले आहेत. त्या चाळीस ओळींमागें कोणाची आजी वारलेली नाहीं.

प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्यास आम्हीं हें सर्व सांगितलें. त्याचें पुरतें समाधान झालें नाहीं, आणि आमचेंहि नाहीं. त्या दुसऱ्या मुलाचा पेपर काढून पुन्हां वाचला. गुण कार्यालयांत जाऊन चुकले होते. मधल्या सुटींत त्यास बोलावून, आजी कशी होती, तें विचारलें. प्रथम तो घाबरला. मग घंटा होईपर्यंत बोलत राहिला.