उशाशी कोयता

नवी मुंबईत खारघर, उलवे, कामोठे, कुठल्याही नोडमध्ये घरफोडी झाली की दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन गोष्टी हमखास येतात: सीसीटीव्हीचं धूसर फुटेज, वॉचमन बदलण्याची मागणी आणि ‘आता आपणच काहीतरी हाताशी ठेवलं पाहिजे’ हा सल्ला. हे ‘काहीतरी’ ऐपतीप्रमाणे बदलतं. कोणाच्या पलंगाखाली बेसबॉलची बॅट असते (बेसबॉल या शहरात कोणी खेळताना दिसत नाही, बॅटा मात्र खपतात), कोणाच्या दाराआड लोखंडी सळई, कोणाच्या उशाशी कोयता, कोणाच्या हॉलमध्ये ऑनलाइन मागवलेली ‘शोभेची’ तलवार. ज्याचा बांधकामाचा किंवा सोन्याचा धंदा आहे, तो पिस्तुलाच्या परवान्याची चौकशी करू लागतो. या तिसऱ्या गोष्टीला माझा विरोध आहे.

पण आधी समोरच्याची बाजू त्याच्याइतक्याच जोराने मांडू. ती भेकडांची नाही आणि भांडखोरांचीही नाही. वाशी-नेरूळच्या कितीतरी घरांत आता सत्तरी ओलांडलेलं जोडपंच राहतं. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी बंगळुरूत. कडीकोयंडा उचकटायला चोराला काही मिनिटं पुरतात. ११२ ला फोन लागून गाडी खाली येईपर्यंत, पोलिस कितीही तत्पर असले तरी, त्याहून जास्त वेळ जातो. जानेवारी २०२५ मध्ये वांद्र्यात सैफ अली खानच्या घरात मध्यरात्रीनंतर माणूस शिरला, चाकूचे वार करून निसटलाही. पैसा, उंच इमारत, नोकरचाकर सगळं असून हे झालं, तर रो हाऊसमध्ये राहणाऱ्या निवृत्त माणसाने कोणाच्या भरवशावर झोपायचं? शिवाय स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे. आणि शेवटी इतिहास: इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने आपल्याला निःशस्त्र केलं. खंडेनवमीला पुजतो ती शस्त्रं काय नुसती हळदकुंकू वाहायला?

शेवटचा मुद्दा आधी निकालात काढतो, कारण त्यात फारसा दम नाही. १८७८ चा कायदा अपमानास्पद होताच. गोऱ्यांना सूट आणि हिंदी माणसाला परवाना, असा तो होता. सुरुवातीच्या काँग्रेस अधिवेशनांतही त्याविरुद्ध आवाज उठला. पण तो राग परक्या सत्तेवरचा होता, घरफोड्यांवरचा नव्हे. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये आपला शस्त्र कायदा केला तेव्हा गोऱ्या-काळ्याचा भेद गेला, परवान्याची अट मात्र आपल्याच लोकप्रतिनिधींनी राखली. आणि खंडेनवमीला सुतार करवत पुजतो, दुकानदार तराजू पुजतो, रिक्षावाला रिक्षेला झेंडूची माळ घालतो. त्या सणातून गादीखालच्या कोयत्याचं समर्थन काढायचं असेल तर काढा. रिक्षाही मग गादीखाली ठेवावी लागेल.

कायद्याचा मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि तो मला मान्य आहे. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं, म्हणजे जुन्या दंड संहितेची ९६ ते १०६, खासगी बचावाचा हक्क देतात. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घर फोडून शिरणाऱ्याविरुद्ध हा हक्क वेळ पडल्यास त्याचा जीव जाण्यापर्यंत पोहोचतो. २०१० साली दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काचा उदार अर्थ लावला. जिवावर बेतलेल्या माणसाने आपला प्रतिकार सोन्याच्या काट्यावर तोलून करावा अशी अपेक्षा धरली नाही. ‘चोराला हात लावला तर आपल्यालाच आत टाकतात’ असं जे आपण चहा पिताना एकमेकांना सांगतो ते निम्मंच खरं आहे.

पण हा हक्क प्रतिकाराचा आहे, शस्त्रसाठ्याचा नाही. त्याच संहितेचं ३७ वं कलम सांगतं की बचावाला लागते त्याहून जास्त इजा करता येणार नाही. घरात शिरलेला माणूस उलट्या पावली पळाला, आणि तुम्ही त्याला खाली पार्किंगमध्ये गाठून डोक्यात सळई घातली, तर तिथे बचाव संपलेला असतो. आणि न्यायालयात बचावाचा हक्क वापरला हे दाखवण्याचा भार आरोपीवर, म्हणजे तुमच्यावर येतो. आदल्या महिन्यात मागवून धार लावून ठेवलेली तलवार त्या वेळी तुमच्या बाजूने साक्ष देईल असं मला वाटत नाही. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची, घरकाम, शेती किंवा उद्योगासाठी न बनवलेली हत्यारं शस्त्र नियमांच्या यादीत येतात; ‘शोभेची’ म्हटल्याने त्यातून सुटका होत नाही. उलट त्याच १९५९ च्या कायद्याने शस्त्राच्या व्याख्येतून लाठी आणि साधी हातातली काठी आवर्जून वगळली आहे. आजोबांची काठी कायदेशीर आहे, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

संरक्षणासाठी म्हणून बेकायदा बंदूक घरी ठेवण्याचं काय होतं, याचं महाराष्ट्रातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण संजय दत्तचं. १९९३ च्या त्या भयानक दिवसांत कुटुंबाच्या जिवाला धोका होता, हाच त्याचा खुलासा होता. दंगलींनी हादरलेल्या मुंबईत ती भीती अगदीच बनावट होती असं मी म्हणणार नाही. तरीही २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून पाच वर्षांची शिक्षा दिली आणि येरवड्यातून तो बाहेर आला २०१६ मध्ये. भीती खरी असली तरी शस्त्र बेकायदाच राहिलं.

आता चोराकडे वळू, कारण या सगळ्या चर्चेत त्याचा विचार कोणी करत नाही. आपल्या मनातला चोर रात्री दोनला चाकू घेऊन पलंगापाशी उभा असतो. प्रत्यक्षातला घरफोड्या कुलूप बघतो. दारात साचलेली वर्तमानपत्रं, मे महिन्यात गावी गेलेलं कुटुंब, दिवसा ऑफिसला गेलेलं जोडपं, हे त्याचं भांडवल. नवी मुंबईतली एक गाजलेली घरफोडी तर घराचीही नव्हती. नोव्हेंबर २०१७ मध्ये जुईनगरच्या बँक ऑफ बडोदाच्या शाखेत चोरांनी शेजारच्या गाळ्यातून भुयार खणलं, सुट्टी साधली आणि लॉकर फोडून लोकांचे दागिने नेले. गाळा रीतसर भाड्याने घेतलेला, पुढे दुकान मांडलेलं. शस्त्र उगारायला समोर कोणी नव्हतंच. माणसं नसलेली वेळ शोधणं हेच त्यांचं कौशल्य. तुम्ही गावी असताना तुमच्या गादीखालचा कोयता कोणावर धावून जाणार आहे? पिस्तूल असेल तर आणखी बिकट: तेही सोन्याबरोबर जाईल, आणि पुढच्या घरात शिरताना चोराकडे परवान्याचं पिस्तूल असेल.

पण वांद्र्यासारखा एखादा आत येतोच, त्याचं काय? त्या रात्रीचा जो तपशील बाहेर आला तो नीट आठवा. शिरलेला माणूस आधी दिसला तो धाकट्या मुलाच्या खोलीत, मुलाला सांभाळणाऱ्या बाईंना. आरडाओरडा झाला, बाप धावत आला आणि रिकाम्या हाताने भिडला. बापाकडे भरलेलं पिस्तूल असतं असं धरा. एक खोली, अर्धवट उजेड, एक लहान मूल, एक-दोन बायका, आणि एकमेकांच्या अंगावर पडलेले दोन पुरुष. गोळी कोणाला लागली असती, हे छातीठोक सांगणाऱ्याने आधी नेमबाजीच्या रेंजवर नाही, तर झोपेतून उठून सांगावं.

खरी मेख ‘हाताशी’ या शब्दात आहे. शस्त्र हाताशी हवं, नाहीतर उपयोग काय, हे शस्त्रवाद्यांचं म्हणणं तर्काला धरूनच आहे. कपाटात कुलूपबंद, गोळ्या वेगळ्या, अशी बंदूक रात्री दोनला कामाची नाही. पण २०१६ चे शस्त्र नियम नेमकं तेच मागतात: प्रशिक्षण घ्या, आणि शस्त्र सुरक्षित कुलपात ठेवाल याची लेखी हमी द्या. नियम पाळला तर शस्त्र हाताशी नाही. हाताशी ठेवलं तर ते घरातल्या प्रत्येकाच्या हाताशी आहे. मुलाच्या, दारू पिऊन आलेल्या भावाच्या, भांडणात डोकं फिरलेल्या नवऱ्याच्या, आणि निराशेच्या रात्री ज्याला कोणाशी बोलवत नाही त्याच्याही. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांवर फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या झाडल्या गेल्या. पोलिसांच्या तपासानुसार पिस्तूल हल्लेखोराचं नव्हतं, त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचं होतं. रक्षणासाठी परवाना घेतलेल्या शस्त्राने दोन माणसं गेली, दुसरा तो हल्लेखोर स्वतः. त्याच वर्षी १ ऑक्टोबरच्या पहाटे, कोलकात्याला निघायच्या घाईत, अभिनेता गोविंदाच्या पायात त्याच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी शिरली. घरात शिरलेला चोर दोन्ही ठिकाणी नव्हता.

अमेरिकेत, जिथे घरात बंदूक असणं नवलाचं नाही, तिथे आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९९३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. बंदूक असलेल्या घरांत खून होण्याची शक्यता सुमारे २.७ पट जास्त आढळली, आणि मारणारा बहुतेक वेळा घरातला किंवा ओळखीचा. त्या अभ्यासावर वाद झाले, होणारच. अमेरिका म्हणजे सानपाडा नव्हे हेही कबूल. पण घरातल्या शस्त्राची भेट कोणाशी जास्त होते, घरफोड्याशी की घरच्या रागाशी, याचं उत्तर सानपाड्यात वेगळं का असावं?

आणि ओळखण्यातली चूक. २०२३ च्या एप्रिलमध्ये कॅन्सस सिटीत एक सोळा वर्षांचा मुलगा भावंडांना आणायला गेला आणि चुकीच्या घराची बेल वाजवली. ८४ वर्षांच्या घरमालकाने काचेच्या दारातून गोळी झाडली. मुलगा वाचला. आपल्याकडे एकासारखे एक टॉवर आणि त्यात एकासारखे एक मजले आहेत. लिफ्टमधून चुकीच्या मजल्यावर उतरून परक्या दाराला चावी लावणारा माणूस प्रत्येक सोसायटीत असतो. जमावाच्या हातात भीती गेली की काय होतं हे १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याने पाहिलं: मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारण्यात आलं. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच जमावाच्या हातून गेले. मारणाऱ्यांना वाटत होतं, आपण गावाचं रक्षणच करतोय. ‘चड्डी-बनियन टोळी आली’ असा मेसेज फिरतो तेव्हा मला चोरापेक्षा त्या मेसेजनंतर सळया घेऊन गस्त घालणाऱ्यांची जास्त धास्ती वाटते.

मग करायचं काय? घरफोड्याला तीन गोष्टी खुपतात: वेळ, आवाज आणि ओळखीची नजर. शस्त्र यातलं काहीच देत नाही.

नजरेचा धडा या शहराच्या पोटातच आहे. हे शहर वसवणाऱ्या सिडकोसाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज वसवली. सात-सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, असे गुच्छ, आणि गुच्छांचे पुन्हा मोठे गुच्छ. अंगणात आलेला अनोळखी माणूस सात दारांतून दिसतो. आज तिथे मजले चढलेत, मूळ कौलारू रूप बऱ्याच ठिकाणी हरवलंय, पण अंगणं आहेत. जवळच्या दिवाळे, करावे गावठाणांत जा. कोयते घरोघर असतील, नारळ फोडायला. परक्या माणसाला थांबवतो तो मात्र ओट्यावरच्या म्हातारीचा ‘कोणाकडे?’ हा प्रश्न. आपल्या वीस मजली टॉवरमध्ये तो प्रश्न आपण वॉचमनच्या वहीवर सोपवला आणि वही कोणी वाचत नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाचं आडनाव माहीत नसताना गादीखाली कोयता ठेवणं, हा मला सुरक्षेचा फार उरफाटा हिशेब वाटतो.

वेळ विकत मिळतो. बाहेर लोखंडी जाळीचा सेफ्टी डोअर, लाकडी दाराला आतून आडवी कडी, चौकटीत खोल बसलेलं लॅच, तळमजल्याच्या ग्रिलला पक्के बोल्ट. (सिडकोच्या जुन्या घरांच्या चौकटी बघितल्या तर कुलूप कितीही महागडं घ्या, चौकटच हातात येईल, आधी ती बदला.) ग्रिलला आतून उघडणारी खिडकी हवी, आग लागली तर ती जीव वाचवते. आवाजही स्वस्त आहे: दाराचा अलार्म, उशाशी शिटी. गावी जाताना पेपर बंद आणि चावी शेजाऱ्याकडे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनी पोलिस ठाण्यात नाव कळवून ठेवावं आणि कामाला येणाऱ्या माणसाची पडताळणी करून घ्यावी.

हे सगळं करूनही तो आत आलाच तर? झोपायच्या खोलीला आतून भक्कम कडी आणि खोलीत चार्ज केलेला फोन, एवढं आधी ठरलेलं असावं. दार लावायचं, ११२ फिरवायचं, घसा फाटेस्तोवर ओरडायचं. हॉलमधला टीव्ही आणि कपाटातलं सोनं जाऊ द्यायचं. आणि दार फोडून तो अंगावर आलाच, तर आजोबांची काठी, वरवंटा, कुकर, जे हातात येईल ते पूर्ण ताकदीने घालायचं. तिथे कायदा तुमच्या बाजूने उभा आहे, आणि तिथे मीही तुमच्याशी वाद घालणार नाही.

पुढच्या सर्वसाधारण सभेत सुरक्षेचा विषय निघेल तेव्हा जिन्यातले बंद पडलेले दिवे आणि मजल्यावरच्या प्रत्येकाचा फोन नंबर, हे दोन मुद्दे आधी घ्यावेत. कोयत्याचा विषय काढणाऱ्याला समोरच्या फ्लॅटमधल्यांची नावं विचारावीत.