पाहिलेलं आणि सांगोवांगी

थंडी पडली की रावेरहून मामूंचा फोन ठरलेला. "केळीत वाघ आला म्हणतात." उन्हाळ्यात पुन्हा फोन, पुन्हा तेच. मी विचारतो, "मामू, पाहिला कोणी?" उत्तरही ठरलेलं, "ज्यानं पाहिला, त्याला भेटलेला माणूस मला भेटला."

मामूंना हसायचं कारण नाही. मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेड्याकडे वाघ खरोखरच केळीच्या बागांत वावरतात. २०१७ च्या हिवाळ्यात चाळीसगाव तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागली. भीती खोटी नाही. पण "दिसलं, दिसलं" ही हाकाटी ठराविक महिन्यांतच का वाढते, हे कोणी विचारत नाही.

उन्हाळ्याचं कारण सोपं आहे. सातपुड्यातलं पाणी आटतं आणि खाली ठिबकवर वाढलेल्या केळीत गारवा असतो. हिवाळ्यात मात्र ऊसतोड सुरू होते, लपायची जागा जाते. त्याच दिवसांत गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं आणि शेतीची वीज बहुतेकदा रात्री येते. शेतकरी बॅटरी घेऊन मध्यरात्री बांधावर उभा. म्हणजे जनावर वाढलं असेलच असं नाही, त्याच्या वाटेवर माणूस वाढला. यावर उपाय पिंजरा नव्हे, दिवसाची वीज आहे. पण तारीख-वेळ लिहून ठेवलेलीच नसेल, तर ही मागणी कशाच्या जोरावर करायची?

नोंदीची किंमत काय असते, हे आपल्याच रानातल्या एका लहानशा घुबडानं शिकवलं आहे. रानपिंगळ्याचे नमुने जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्यानं खानदेशात गोळा केले होते. १८८४ नंतर त्याची एकही खरी नोंद नव्हती. खोटी मात्र होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन यानं १९१४ साली गुजरातेत तो मिळाल्याचं दाखवलं. प्रत्यक्षात तो नमुना चोरलेला होता, चिठ्ठी बदललेली होती. पुढे पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली, जुन्या खऱ्या नोंदी हाती धरल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा सहकाऱ्यांसह शोधून काढला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. ११३ वर्षं नाहीसा मानलेला हा पक्षी दिवसाउजेडी झाडाच्या शेंड्यावर बसतो! पारध्याला, भिल्लाला तो कधी दिसला नसेल असं मला वाटत नाही. त्यांना विचारून लिहून घेतलं नाही, एवढंच.

आता दुसरी बाजू. २०१८ च्या पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या मोबाइलवर एक वेगळाच प्राणी फिरत होता: मुलं पळवणारी टोळी. कोणी पाहिली नव्हती, पुढे मात्र सगळ्यांनी पाठवली. १ जुलैला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावानं ठेचून मारली. भिक्षा मागत फिरणारी, परक्या बोलीची माणसं. त्यांचं दिसणंच गुन्हा ठरलं. अफवेला बळी कोण लागतो, हे मुसलमान वाचकाला वेगळं सांगायला नको. पण आपणही त्या दिवसांत ते मेसेज पुढे ढकलले होते, हेही कबूल करू या. आलेल्या बातमीची आधी शहानिशा करा, असं सूरह हुजुरात बजावते. तो हुकूम फक्त आपल्याविरुद्धच्या बातम्यांपुरता नाही.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत एक वही ठेवावी. तारीख, वेळ, शेत, पीक, स्वतः पाहिलं की ऐकलं, ठसे मिळाले की नाही. "ऐकलं" हा रकाना वेगळा हवा. तीन-चार वर्षांत गावाला आपला हंगाम कळेल, वनखात्याला आणि वीजवाल्यांना जाब विचारता येईल.

मामूंना मी वही पाठवली आहे. परवा फोन आला, "दोन ओळी लिहिल्या. दोन्ही ऐकलेल्या." मला त्यातच समाधान वाटलं.