दहा माणसांची प्रार्थना

भिलाईच्या पोलाद कारखान्याभोवती ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांपैकी मरोदा ही एक होय. १९५५ मध्ये सोव्हिएत रशियाशी करार झाला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे या परिसरात येऊन राहिली. अशा वसाहतीतील प्रत्येक कुटुंबापुढे एक प्रश्न असतोच. गाव, देऊळ आणि भावकी दूर राहिल्यावर मुलांच्या हाती आपले आपलेपण कसे सोपवावयाचे? मंडळे स्थापून आणि वर्षातून एकदा उत्सव करून हे साधते, अशी आपली समजूत असते. परंतु आपल्याच भाषेतील एका लहानशा समाजाने या प्रश्नाचे निराळे उत्तर शोधले होते. तो समाज म्हणजे कोकणातील बेने इस्रायल, अर्थात मराठी बोलणारे ज्यू.

या समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. वाचलेली माणसे आसपासच्या खेड्यांत पांगली, तेलाचे घाणे चालवू लागली आणि मराठी झाली. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर ही त्यांची आडनावे त्या त्या गावांची आठवण देतात. शनिवारी मात्र त्यांचा घाणा बंद असे. म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. हातावर पोट असलेल्या माणसाने आठवड्यातील एक दिवसाची कमाई सोडणे ही काही सोपी गोष्ट नव्हे. तरीही घाणा थांबत राहिला.

मुंबईत १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. त्यापूर्वीच्या दीर्घ काळात समाज टिकला तो कशाच्या आधारावर? शनिवारची विश्रांती, मुलाची आठव्या दिवशीची सुंता, ईश्वर एकच आहे असे सांगणारी एक लहानशी प्रार्थना आणि खाण्यापिण्याचे काही नियम, एवढेच त्यांच्यापाशी उरले होते. डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू पुरुष कोकणात आला, तेव्हा त्याने या लोकांची परीक्षा पाहिली, अशी कथा सांगतात. त्याने स्त्रियांपुढे निरनिराळी मासळी ठेवली. त्यांनी खवले व पर असलेली मासळी तेवढी निवडली आणि बाकीची बाजूला सारली. शास्त्राचा नियम तोच आहे. जे ग्रंथात वाचावयास मिळाले नव्हते, ते आईने मुलीला चुलीजवळ शिकवून ठेवले होते.

त्यांच्या सणांची जुनी नावे ऐकली म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा! पापक्षालनाच्या थोर उपवासाच्या दिवशी दारे लावून घरात बसावयाचे, म्हणून ती दारफाळणी. जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस झाला त्या दिवशीच्या उपवासाशी वालाच्या बिरड्याचे जेवण जोडलेले, म्हणून तो बिरड्याचा रोजा. हजारो मैलांवरील इतिहास असा कोकणच्या पानावर वाढला गेला.

शुक्रवारी सूर्यास्ताच्या सुमारास घरात खोबरेल तेलाचा दिवा लागे. आशीर्वादाच्या प्याल्यासाठी द्राक्षारस मिळण्याजोगा नसे, म्हणून काळ्या मनुका भिजवून त्यांचे सरबत करीत. ही पद्धत अजूनही आहे. दाराच्या चौकटीवर शास्त्रवचनाची लहान नळी बसविलेली असते. येताजाता तिला बोटे लावून ती ओठांशी नेतात. नवस फिटला, लग्न ठरले, आजारी माणूस उठून बसले, की मलिदा करावयाचा. भिजविलेल्या पोह्यांत ओले खोबरे व साखर घालून, त्यांभोवती फळे मांडून, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने आभार मानावयाचे. आनंद झाला असता तो एकट्याने न भोगता चार माणसांना बोलावून वाटून खावा, असा हा साधा संस्कार आहे.

परंतु घर कितीही नेटके असले तरी एक गोष्ट घरात होत नाही. ज्यू धर्मातील सामुदायिक प्रार्थनेस किमान दहा प्रौढ माणसे लागतात. जुन्या रीतीप्रमाणे ते पुरुष असावे लागतात. काही आधुनिक पंथांत स्त्रियांचीही गणना होते. नऊ पंडित जमले तरी संख्या अपुरीच राहते. दहावा अगदी सामान्य माणूस दारात आला, की ती पूर्ण होते. त्याची विद्या वा संपत्ती कोणी विचारीत नाही. त्याने यावे, एवढेच पुरते.

या दहाव्या माणसाचे मोल आज अधिकच जाणवते. १९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्रायल कुटुंबे इस्रायलला गेली. तेथेही त्यांचे ज्यूपण शंकास्पद ठरविण्यात आले. पुष्कळ आंदोलनानंतर, १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचे घोषित केले. इकडे रेवदंडा, अलिबाग, पनवेल आणि पेण येथील एकोणिसाव्या शतकातील प्रार्थनामंदिरे उभी आहेत. मात्र त्यांच्या गावी राहणारी कुटुंबे मोजकीच उरली आहेत. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. त्याने काही व्यवहार सुकर होतात; दहावा माणूस मात्र शासन पुरवू शकत नाही. तो कोणाच्या तरी घरातून, हातचे काम बाजूस ठेवून, निघावा लागतो.

मरोद्यासारख्या वसाहतीत राहणाऱ्या आपण सर्वांनी, मग आपला धर्म कोणताही असो, यावर विचार करावा असे वाटते. आठवड्यातील एक सायंकाळ घरातील सर्वांनी एकत्र बसण्यासाठी राखून ठेवणे, आजीचा एखादा पदार्थ तिच्याच नावाने मुलांना करावयास शिकविणे, घरातील शुभवार्ता शेजाऱ्यांच्या पानावर काहीतरी ठेवून सांगणे, यास खर्च फारसा येत नाही. आणि शेजारच्या घरी भजन असो, वाचन असो की कोणाची शोकसभा असो, ‘माझ्यावाचून काय अडणार आहे?’ असे मनात आले, तर त्या घरी आतापर्यंत नऊच माणसे जमली असतील असे समजून पायात चपला घालाव्या.